दहा गाणी आणि उभी पऱ्हाटी

आमच्या दुसऱ्या अल्बमबद्दल पुण्याच्या कुण्या पोरानं लिहिलं होतं की जोर भरपूर आहे, पण दहाही गाणी एकच वाटतात. एवढं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मी तेव्हा संग्रामपूरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचो. समोर एक म्हातारबा सातबारा काढायला उभे होते, आणि मी मोबाइलकडे बघून अशी कचकचीत शिवी हासडली की ते बिचारे दोन पावलं मागं सरले. "मले देल्ली का बाबू?" त्यांनी विचारलं. "नाही हो बाबा, पुण्याले देल्ली." "मंग दे," ते म्हणाले आणि पुन्हा काउंटरजवळ आले.

आमचा बँड मेटलकोर वाजवायचा. ज्याला हे माहीत नाही त्यानं असं समजावं की ड्रम पिसाळल्यासारखे पळतात, गिटारी घरघरतात, आणि गायचं सोडून एक माणूस पोटातून ओरडतो. मध्येच सगळं एकदम संथ आणि जड होतं, तेव्हा समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात. त्या जागेला ब्रेकडाऊन म्हणतात. आमच्या दहाच्या दहा गाण्यांत ब्रेकडाऊन एकाच जागी यायचा, हे आज मला मान्य आहे. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

आम्ही चौघं. गिटारवाले दोघं भाऊ जळगाव जामोदचे. भली पोरं, पण या गोष्टीत त्यांचा काही दोष नाही म्हणून त्यांना मध्ये आणत नाही. ओरडायला मी. आणि ड्रमवर माझा लहानपणापासूनचा दोस्त, आमच्याच गावचा, ज्याच्या घरची बँडपार्टी. त्याचे वडील, म्हणजे माझे चाचा, लग्नात क्लॅरिनेट वाजवायचे. खाली पार अमडापूरपासून वर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत त्यांना बोलावणी यायची. लग्नसराई संपली की त्यांचं तीन एकर वावर. ते आमच्या वावराला लागून, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावर बसून औषधाचे रिकामे डबे बडवत आम्ही दोघं वाढलो.

पहिला अल्बम बोंडअळीच्या वर्षातून निघाला. त्या वर्षी पऱ्हाटी छातीला लागत होती. कापसाच्या झाडाला आमच्याकडं पऱ्हाटी म्हणतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय पीक आलं! आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी सरकी खात आरामात पडलेली. कापूस पिवळा, चिकटलेला, कवडी झालेला. बीटीच्या बोंडाला अळी लागतच नाही, असं दुकानदारापासून पाकिटावरच्या चित्रापर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. वेचायला बाया येईनात, कारण वेचणार काय, कपाळ? नुकसानीचे फॉर्म भरायला माझ्या दुकानासमोर रस्त्यापर्यंत रांग लागायची, सर्व्हर बसलेला असायचा आणि लोक माझ्याच नावानं बोटं मोडायचे. बाद झालेल्या फॉर्मच्या पाठीमागं मी ती गाणी लिहिली. ती आठ गाणी खरी होती. आजही छाती ठोकून सांगतो, खरी होती.

मग पुण्यानं बोलावलं, नागपूरनं बोलावलं. काळ्या टीशर्टातली पोरं आमच्या वऱ्हाडी शिव्या आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायला लागली. मला काय, आभाळ दोन बोटं उरलं. एका कार्यक्रम भरवणाऱ्यानं सांगितलं, दुसरा अल्बम काढा, सेमच पाहिजे, फक्त अजून जबरी. आम्ही सेमच काढला.

त्याचे ड्रम बँडपार्टीच्या खोलीत रेकॉर्ड केले, खुंट्यांवर टांगलेल्या लाल कोटांच्या मधोमध. माझा आवाज आमच्या घरच्या कापसाच्या खोलीत. त्या वर्षी पीक बरं आलं होतं आणि भाव वाढेल म्हणून बाबांनी माळ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता. कापसात आवाज घुमत नाही, मुरतो. पुण्यात त्यासाठी लोक भिंतीला गाद्या लावतात म्हणे. मी मांड्यांपर्यंत कापसात रुतून, सगळ्या अंगाला खाज सुटलेली, माइकसमोर असा ओरडलो की आई हातात काठी घेऊन धावत आली. "माय बाई, साप निघाला काय रे?" ते तिचं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आलं. दोस्त म्हणाला राहू दे, अख्ख्या अल्बमात तेवढंच वेगळं आहे. मी ते कापलं.

तेव्हाच आमचं पहिल्यांदा वाजलं.

"सगळ्या गाण्यात म्या तेच वाजवून राह्यलो," तो म्हणाला. "वरातीत तरी नवरीच्या दारात चाल बदलते बे."

"ही वरात नाही."

"अन् तू तरी काय? पहिल्यात कंपनीले शिव्या, दुसऱ्यात दुकानदाराले, तिसऱ्यात मंत्र्याले, चौथ्यात व्यापाऱ्याले. आठव्यात तं हवामान खात्याले! एक तरी गाणं आपल्यावर लिही ना."

"आपण काय केलं बे? आपण तं मेलो!"

"कोण मेला? तू तं पुण्याले जाऊन राह्यला."

मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते. ज्याला फक्त लग्नात ढोल बडवता येतो त्यानं शब्दांत पडू नये, अशा अर्थाचं काहीतरी.  त्यानं दहाही गाणी वाजवली, एकदाही न चुकता. तो कधी चुकत नसे.

त्याच हिवाळ्यात गावात सभा झाली. बोंडअळी पुन्हा येऊ द्यायची नसेल तर एकच उपाय, असं कृषी सहायकानं फळ्यावर चित्र काढून सांगितलं: फरदड घ्यायची नाही. शेवटची वेचणी झाली तरी पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन देऊन उभी ठेवायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अजून चार बोंडं काढायची, ही फरदड. आमच्याकडं बापजाद्यांपासूनची सवय. ती उभी राहिली की अळी तिच्यातच वाढते, खालच्या मातीत कोष करून राहते आणि पतंग होऊन पुढच्या पिकावर जाते. एका घरानं ठेवली तरी शेजाऱ्याला भोगावं लागतं. म्हणून ठरलं की नव्या वर्षाच्या आत सगळ्यांनी, झाडून सगळ्यांनी, पऱ्हाटी उपटायची. हात वर करा म्हटल्यावर पहिला हात आमच्या बाबांचा होता. दुसरा चाचांचा.

आणि त्याच आठवड्यात पुण्याहून व्हिडिओवाल्याचा फोन आला.

त्याला मागं कापसाचं शेत पाहिजे होतं. हिरवं, मध्ये पांढरी बोंडं, आणि त्यात आम्ही चौघं काळ्या कपड्यात. फार भारी दिसेल म्हणाला. मलाही ते दिसलं. डोळ्यांपुढून हलेचना. मी बाबांना म्हटलं, पंधरा दिवस थांबा, संक्रांत झाली की येतात ते.

"सभेत हात वर केला होता बे म्या. सगळ्याइच्या समोर."

"पंधरा दिवसांनी काय होते बाबा? अळी काय कॅलेंडर पाहून येते काय?"

बाबा कुणाला दबणारे नव्हते. पण मी त्यांचा एकुलता एक, आणि आजवर त्यांच्याजवळ काही मागितलेलं नव्हतं. ते थांबले. त्यांनी पाणीसुद्धा दिलं, कारण व्हिडिओवाला म्हणाला पानं सुकलेली नकोत. आजूबाजूची वावरं एकेक करून मोकळी होत गेली. पऱ्हाट्यांचे ढीग घराघरापुढं लागले, धनगरांची मेंढरं उरलंसुरलं चरून गेली. मधोमध आमचं वावर तेवढं हिरवं. मेंढरांचा माणूस विचारायला आला तर बाबांनी त्याला हात हलवून परत पाठवलं. कुणी विचारलं की सांगायचे, मजूर भेटून नाही राह्यले. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, तो माझ्यापायी पारावर बसून रोज खोटं बोलत होता.

संक्रांत झाली. व्हिडिओवाला म्हणाला, कॅमेरा दुसरीकडं अडकलाय, महाशिवरात्रीनंतर नक्की. महाशिवरात्र झाली. मग होळी. प्रत्येक वेळी इतका गोड बोलायचा की फोन ठेवल्यावर मलाच वाटायचं, आपणच फार घाई करतोय. दोस्तानं मला दोनदा विचारलं, "कधी उपटता बे?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "येऊन राह्यले ना ते." तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.

होळीनंतर फोन आला. बुलढाणा फार लांब पडतं, तुम्हीच पुण्याला या. आम्ही रात्रभर बसनं गेलो. एका भंगाराच्या गोदामात धुराचं यंत्र लावलं होतं, आणि त्या धुरात, गंजलेल्या पत्र्यांच्या मधोमध, मी बोंडअळीवर ओरडलो. खोकून खोकून घसा बसला. कापसाचं एक बोंडही त्या व्हिडिओत नाही. परत आल्यावर मी बाबांना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी पहाटे एकटेच वावरात गेले आणि पऱ्हाटी उपटायला लागले. बुंधे लाकडासारखे कडक झालेले, हाताला सोलून काढणारे. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू जा. तुले तिकडं काम असन."

त्या साली आमच्या वावरात त्यांनी सोयाबीन पेरलं. कापसाचं नावच काढलं नाही. चाचांनी मात्र विहिरीचं पाणी होतं म्हणून पाऊस यायच्या आधीच कापूस लावला, दरवर्षीसारखा.

तर तो पुण्याचा लेख मी वाचला तो श्रावण होता. त्या म्हातारबांचा सातबारा काढून दिला, दुकानाचं शटर ओढलं आणि तडक दोस्ताकडं निघालो. म्हटलं, याच्यापुढं तरी मनातलं ओकू. घरी कळलं वावरात आहे. गाडी रस्त्यावर लावून, चिखल तुडवत धुऱ्यापर्यंत गेलो.

तो आणि चाचा, दोघं वाकून फुलं तोडत होते. कंबरेला पिशव्या बांधलेल्या, जशा वेचणीला बांधतात. श्रावणात कसली वेचणी? पण माझं डोकं इतकं तापलं होतं की मी तिकडं पाहिलंच नाही. मोबाइल त्याच्या नाकापुढं धरला. "वाच! वाच हे! हा कोण लागून गेला पुण्यात बसून? आयुष्यात वावर पाह्यलं काय यानं?"

त्यानं हात पँटला पुसले आणि सावकाश वाचलं. पार शेवटापर्यंत.

"बरोबर लिहिलं," तो म्हणाला.

"काय बरोबर लिहिलं?"

"सगळंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो! तू आमचा का त्यांचा, तुझ्याच ड्रममुळं गाणी सारखी वाटतात, तुझ्या मनात पहिल्यापासूनच नव्हतं. त्यानं पिशवीतून एक फूल काढून माझ्या हातावर ठेवलं.

ते फूल उमललेलं नव्हतं. पाकळ्या एकमेकींत पिळून गच्च बांधल्यासारख्या, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखं दिसणारं. आमच्याकडचं शेंबडं पोर ते ओळखतं. त्याला डोमकळी म्हणतात. आत गुलाबी अळी बसली की कापसाचं फूल असं होतं, आणि ते तोडून जाळून टाकावं लागतं. मी नखानं पाकळ्या उकलल्या. होतीच.

"च्यामायला!" मी म्हटलं, आणि सुटलो. माझं तोंड माझ्या ताब्यात कधी होतं? "पुन्हा बोगस बियाणं देलं साल्यांनी! याइले सोडायचं नाही आता. पाकीट आहे ना जपून? पावती? कंपनीवर केस टाकू. कृषीवाले झोपले काय? दोन दोन वर्षं लोकाइले मारून राह्यले अन् मंत्री तिकडं..."

"हे अकरावं झालं," दोस्त म्हणाला.

"काय अकरावं?"

"गाणं."

मी थांबलो.

त्यानं बोटानं दाखवलं. आवाज चढवला नाही, त्याची ती रीतच नव्हती. "तिकडच्या धुऱ्यापलीकडं पाहा. तेच बियाणं, त्याच दुकानातलं, त्याच दिवशी लावलेलं. तिकडं एक डोमकळी नाही. अन् आमच्या वावरातबी त्या बाजूनं नाही. ह्या बाजूनं हाय. तुमच्या धुऱ्याकडून. पहिल्या पंधरा तासांत झाडामागं दोन दोन." तास म्हणजे ओळ. मी ओळींकडं पाहिलं. मोजायची गरज नव्हती.

मला म्हणायचं होतं की सगळेच फरदड ठेवतात. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही. पण त्या वर्षी कुणीच ठेवली नव्हती. अख्ख्या गावात एक वावर हिरवं होतं, आणि ते ज्यानं ठेवायला लावलं तो दहा गाण्यांत जगाला विचारत फिरत होता की आमचा कापूस कोणी खाल्ला. मला इतका राग आला, इतका, की हातातली ती अळी मी अंगठ्यानं चिरडली आणि चिरडतच राहिलो, ती केव्हाच संपली होती तरी. पहिल्यांदाच तो राग फेकायला मला समोर कुणी सापडेना.

इतका वेळ चाचा आपल्या ओळीत पुढं पुढं जात होते. ते आता पाठ सरळ करून आमच्याकडं वळले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाची बोटं. फुलं तोडतानाही एक पान फाटत नव्हतं.

"बेटा," ते म्हणाले, "एक विचारू काय? तुझे बाबा म्हणे, मजूर नाही भेटले. म्या म्हटलं, आमच्याकडच्या दोन बाया देतो, एका दिवसात मोकळं होते वावर. तं नको म्हणे. तसा माणूस नाही तो. काऊन ठेवली होती पऱ्हाटी?"

मी दोस्ताकडं पाहिलं. तो खाली बघत होता. म्हणजे यानं घरी सांगितलं नव्हतं. एवढे महिने, वावराला अळी लागल्यावरही, स्वतःच्या बापाला यानं माझं नाव सांगितलं नव्हतं. मी त्याला ढोल बडवणारा म्हटलं होतं.

"व्हिडिओसाठी, चाचा," मी म्हटलं. "आमच्या गाण्याच्या. पुण्याचे लोक येणार होते. मीच बाबांना सांगितलं होतं."

चाचांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायचा मी खूप प्रयत्न केला. ते नुसते विचार करत होते, आणि मग त्यांनी विचारलं, अगदी मनापासून, लग्नातले फोटो आले का विचारतात तसं:

"मंग? चांगलं दिसलं काय वावर?"

"इथं काढलाच नाही, चाचा," मी म्हटलं. "पुण्यात काढला. एका गोदामात."

"अच्छा," चाचा म्हणाले. त्यांनी कंबरेची पिशवी पुढं ओढून घेतली आणि पुढच्या झाडाची डोमकळी तोडली.